ताईसाठी लिहून आलेली गोष्ट

ताई नऊ वर्षांची असताना विषमज्वराने तिचे कान नेले. बोलणं राहिलं, वाचणं राहिलं, ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी राजोडीजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला. रविवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम लागे. वाडीतलं विड्याची पानं खुडायचं काम टाकून आम्ही दोघी जायचो. ताई रेडिओच्या लाकडी पेटीला तळहात लावून बसे. "आता बाई बोलतेय," असं सांगे, आणि ते बरोबर असे. काय बोलतेय ते मी परतताना हातवारे करून सांगायची. निम्मं विसरायची. तिला ते कळायचं.

तेव्हा खाडीत हरवलेल्या एका होडीची गोष्ट दर रविवारी थोडी थोडी सांगत असत. मी मुंबईच्या रेडिओ केंद्रावर पत्र लिहिलं : 'रेडिओ सगळ्या मुलांचा आहे असं तुम्ही म्हणता. माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. तिला गोष्ट लिहून पाठवाल का?'

"मुंबईची माणसं असल्या पत्रांना उत्तरं देत नाहीत गं," वडील म्हणाले. तरी पत्र त्यांनीच टाकलं.

दोन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत येत्या रविवारचा भाग, निळ्या कार्बनची प्रत. सोबत गोष्ट सांगणाऱ्या बाईंची चिठ्ठी : 'दर वेळी रविवारच्या आधी पोचेल असं पाहते.'

त्या रविवारी कागद ताईच्या मांडीवर होते. बाई वाचतील त्या ओळीखालून मी बोट फिरवत होते. नावाडी चिखलात बसकण मारतो तिथे सगळी मुलं हसली, आणि त्याच क्षणी ताईही हसली. आजारानंतर असं कधी झालं नव्हतं. घरी येताना तिने मला काही विचारलं नाही. मीच थोडी रिकामी झाले.

अशी पाच पाकिटं आली. मग रेडिओवर दुसराच आवाज आला आणि पाकिटं थांबली. मी पुन्हा लिहिलं. उत्तर टंकलेलं होतं : कार्यक्रम श्रोत्यांसाठी आहे, लेखी प्रत पाठवण्याची तरतूद नाही. ताईने ते स्वतः वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं.

गोष्टीचा शेवट मी ऐकून आले आणि हातांनी सांगितला.

"हे तू जुळवलंयस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ओटीवर बसून तिने स्वतःच शेवट लिहिला. मी डोकावले तर कागद पालथा केला. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवून केंद्राच्या पत्त्यावर पाठवलं.

"मला तरी दाखवायचास," मी म्हटलं.

माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "रेडिओवर ऐक."

तिचं लग्न होऊन ती आगाशीला गेली तरी मी रविवारी एकटी त्या पेटीसमोर बसायची. तिचा शेवट कधी लागला नाही. पुढे कितीदा विचारलं, तिने सांगितला नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.