नावाचं कडवं

आमच्या हिवरखेडात कापूस पिकते, तूर पिकते. माह्या नशिबी कवी आला. खुशालराव, माहा नवरा. वावरात गवत माजलं तरी हा बांधावर बसून यमक जुळवून राहिला! मी मनकर्णा, गवत निंदाले एकटी.

त्याचा दोस्त अमरावतीचा कमलाकांत मास्तर. झब्ब्याले कडक इस्त्री, अन् बोलनं सारं तोलूनमापून. या दोघांनी मिळून लगनाच्या पंगतीत इनबाईले, म्हंजे विहिनीले, चिडवाचं गानं केलं, "इनबाई, भजे लपवू नका." एक-दोन वर्स साऱ्या वऱ्हाडात बँडवाले तेच वाजवत. मंग लोकं इसरले.

आमच्याकडं गान्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालते. आता कवी दोन, नाव कोनाचं? दोघंही हट्टाले पेटले अन् दोघांनी आपापल्या नावाचं कडवं केलं. कॅसेटवाल्यानं गानं लांबलं म्हनून दोनीही कापून टाकले! तवापासून बोलचाल बंद. जे कोनी कधी आयकलंच नाई, त्याच्यापायी! बाप्पा, काय ती अक्कल!

औंदा तंबाखूपायी माह्या बुढ्याच्या, खुशालरावाच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. तेवढ्यात अकोल्यात जुन्या गान्याईचा कार्यक्रम ठरला. गानार मास्तर. बुढ्यानं पाटीवर लिहून दाखवलं, "माह्या नावाचं कडवं लोकाईनं एकदा तरी आयकावं." मी मास्तरकडं गेली, पदर पसरला, यंदा त्याच्या नावाचं कडवं म्हना. "वहिनी, निश्चिंत राहा," म्हने.

बुढा धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसला. मास्तर शेवटच्या कडव्यावर आला, डोळे मिटले अन् म्हनला, "कमलाकांत म्हने..." टाळ्या पडल्या. बुढ्यानं मान खाली घातली. मास्तरले वाटलं, दोस्त गहिवरला! नावापायी मरनाऱ्या या दोघांचीही मले शिसारी आली.

परतीच्या एस्टीत मले राहवलं नाई. भर गर्दीत उभी राहून मीच सुरू केलं, "खुशाल म्हने, इनबाई, हसून घ्या जरा..." माहा आवाज हा असा, वावरात ढोरं हाकाचा. लोकं पाहून राहिले. बुढ्याचे डोळे भरले. म्हटलं, आता हात जोडते का काय! त्यानं सीटच्या दांडीवर ठेका धरला, नाक मुरडलं अन् बोटानं खूण केली: चुकली, पहिल्यापासून म्हन.

आग लागो त्या गान्याले! रडत रडत पुन्हा म्हनलं.