मामांची विलायती पेटी

पवनीपासून गोसीखुर्दच्या धरणापर्यंत विलायती सिंथपॉपचा माझ्या मामसासऱ्यांइतका निष्ठावंत रसिक दुसरा नाही. मुळात दुसरा रसिकच नाही. धानाच्या व्यापारात जन्म गेलेला हा माणूस दुकानाच्या गादीवर डोळे मिटून बसतो आणि इंग्लंडातल्या कुठल्याशा पोरांनी चाळीसेक वर्षांपूर्वी विजेच्या पेटीतून काढलेले टुंई-टुंई आवाज ऐकतो. नवे गिऱ्हाईक, काय बिघडले म्हणून वर पंख्याकडे बघते. सिंथेसायझरला मामा 'पेटी'च म्हणतात. गाजलेल्या मंडळींचे त्यांना कौतुक नाही. एखादी तबकडी काढून विसरली गेलेली माणसे ते मोबाइलवर हुडकत बसतात. पुतण्याच्या वरातीत त्यांनी डीजेवाल्याला असलेच एक गाणे लावायला लावले. नाचणारे थांबले आणि एकजण जनरेटर बघायला धावला. "याच्यावर नाचाले अक्कल लागते," म्हणत मामा एकटेच नाचले.

या वेडाचे मूळ नागपूरच्या होस्टेलात. खोलीतल्या मित्राला विलायतेतल्या भावाने एक कॅसेट पाठवली होती; कुणा दोघांनी घरीच गाणी भरून स्वतःच विकलेली. मित्राला ती झेपेना, म्हणून मामांकडे आली. पुढे तिला बुरशी लागली, पण शेवटचे गाणे मामांच्या डोक्यातून गेले नाही. इंटरनेटवर त्या दोघांची बाकीची गाणी मिळाली, तेवढे एक मिळेना. शेवटी मामांनी त्यांच्यातला पेटी वाजवणाराच शोधून काढला, माझ्या बायकोकडून इंग्रजीत निरोप लिहून घेतला आणि सोबत ते गाणे स्वतः गुणगुणून पाठवायचे ठरवले.

"कायले पाठवता?" मामी म्हणाल्या. "तुमचा आवाज आयकून घाबरून जाईन तो बिचारा."

मामांनी पाठवलेच. बरेच दिवस उत्तर नव्हते. मामा दुकानात गाणी लावेनासे झाले, आणि मामीच काळजीत पडल्या.

मग उत्तर आले. 'ते गाणे आमच्याकडेही उरले नाही. माझा गाणारा जोडीदार वारला. मीसुद्धा ते विसरलो होतो. तुमचे ऐकून आठवले.' सोबत त्याने ते नव्याने वाजवून पाठवले होते.

मामींनी पंखा बंद केला. आम्ही सगळे ऐकत राहिलो. संपल्यावर मामांनी चष्मा काढला.

"सूर बरोबर आहेत," ते म्हणाले. "पर लय हळू वाजवून राहिला." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "म्हातारा झाला असंन न तो बी."