तिसऱ्या मजल्याचं बटण

लिफ्टमामाला घरात जो मान होता तो खोटा होता, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट ताणून धरण्यात मला मजा वाटत नाही. मामाने स्वतः ती एकोणीस वर्षं ताणली, त्याचं काय झालं ते आता ऐकालच.

मामाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दवाखाना असो, कचेरी असो, राहती इमारत असो, लिफ्ट अडली की मामा हजर. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पाने, टेस्टर आणि ग्रीसचा डबा. केबिनमध्ये शिरला की मामा आधी बटणं बघायचा. कुठला आकडा बोटांनी घासून पुसट झालाय, त्यावरून दातांचा डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतो ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. "माणूस खोटं बोलेल, बटण बोलणार नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. आणि पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, तसा मामा नेमका लिफ्टमध्येच बुडला.

झालं असं, की मामाची थोरली बहीण अक्का पन्नाशीच्या आत विधवा झाली. कारखान्याकडून नवऱ्याचा फंड तिच्या हातात एकरकमी आला. एकुलती मुलगी नुकतीच लग्न होऊन गेली होती, म्हणजे अक्का आता एकटी, आणि कारखान्याने दिलेली राहती जागा सोडायची होती. गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. तिने स्वतःच हिंडून एक जागा बघून ठेवली होती. पोस्टामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर, पुढे एक खिडकी, दाराशीच नळ. लेकीचं घर पाच मिनिटांवर. "लेकीच्या जवळ, पण लेकीच्या घरात नाही," असं ती म्हणायची. फंडात ती खोली बसत होती. एवढंच हवं होतं बाईला.

पण तिने भावाला विचारलं. "तू चार ठिकाणी फिरतोस, जग बघितलंयस. घेऊ का?"

मामा तेव्हा एका नव्या चार मजली इमारतीत लिफ्ट बसवत होता. सगळी दुकानंच दुकानं. तिथला दलाल रोज मामाला चहा पाजायचा. तळमजल्यावरच्या दुकानाला हात लावायची सोय नव्हती, भाव आभाळाला भिडलेले. तिसऱ्या मजल्यावरचं तेवढंच दुकान निम्म्या किमतीत. मामाने विचार केला, लोक वेडे आहेत. लिफ्ट आहे म्हटल्यावर तळमजला काय नि तिसरा काय, वीस सेकंदांचा फरक! त्याने स्वतः घड्याळ लावून मोजलं होतं. लिफ्टचे रूळ त्याच्याच हाताने सरळ केलेले, दार त्याच्याच हाताने बसवलेलं, केबिन अशी जायची की ग्लासातलं पाणी हलू नये. आपल्या हाताच्या कामावर माणसाचा जीव असतो. तो जीव मामाने दुकानात गुंतवला, आणि पैसे अक्काचे.

"खोली तुला काय देईल?" तो अक्काला म्हणाला. "उलट खर्चच मागेल. दुकान दर महिन्याला भाडं देईल. पहिल्या वर्षाच्या भाड्याची तर बिल्डर हमी लिहून देतोय. चार-पाच वर्षं लेकीकडे काढ, मग त्या भाड्यातच खोली घेऊ."

अक्का म्हणाली, "तू म्हणतोस तर घेते."

आयुष्यभर मामा उंच इमारतींत लिफ्टा दुरुस्त करत आला होता, पण त्या सगळ्या इमारती अशा की तिथे माणसाला वर जायलाच लागतं. आजारी माणूस दवाखान्यात चौथ्या मजल्यावर जाईल, कारकून सहाव्यावर जाईल, राहणारा आपल्या घरी जाईल. ज्याला जायचंच आहे त्याला लिफ्ट नेते. पण जो चप्पल घ्यायला बाजारात आलाय, त्याला खालीच तीन दुकानांत चप्पल मिळते. तो कशाला वर मरायला जाईल? एवढी साधी गोष्ट, पण ती मामाला लिफ्टच्या मायेत दिसलीच नाही.

वर्षभर हमीचं भाडं आलं. पुढे कळलं की ते किमतीत आधीच मिळवलेलं होतं. म्हणजे आपलेच पैसे आपल्याला बारा तुकड्यांत परत, आणि वर आभारही आपणच मानायचे. तेराव्या महिन्यात काही आलं नाही. भाडेकरू मिळेल महिन्या-दोन महिन्यांत, असं म्हणून मामाने आपल्या कमाईतले पैसे पाकिटात घातले आणि अक्काच्या हातावर ठेवले. मध्ये एक संगणकाचा क्लास आला, पाच महिने राहिला आणि विजेचं बिल थकवून पळाला. त्यानंतर भाड्याने घ्यायला कोणी फिरकलं नाही. पाकीट मात्र चालूच. वर इमारतीचा देखभालीचा खर्च, कर, तोही मामाच्याच खिशातून. मामा रविवारीही कामाला जायला लागला.

मामीला तिसऱ्या वर्षी कळलं. ती म्हणाली, "एकदाच काय ते सांगा आणि मोकळे व्हा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामा म्हणाला.

"झाकून ठेवायला दर महिन्याला किती लागतात ते बघितलंत का?" मामी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बोलण्यात मामीला हरवणं कठीणच.

आता खरी चूक सांगतो. दुकान घेतलं ती चूक नव्हे, चूक कोणाच्याही हातून होते. सहाव्या वर्षी एक शिंपी आला होता, कापडाचे गठ्ठे ठेवायला त्याला जागा हवी होती. मूळ किमतीच्या दोन-तृतीयांश द्यायला तयार होता, रोख. पोस्टामागच्या गल्लीतली खोली तेव्हा पुन्हा विकायला निघाली होती. थोडे पैसे मामाने घातले असते तर अक्का तेव्हाही आपल्या खोलीत गेली असती. पण दुकान विकलं की तोट्यात विकलं हे कळणार, मग भाडं कुठून येत होतं हेही कळणार. मामाने शिंप्याला सांगितलं, "भाव वाढणार आहे, आत्ता नाही विकायचं." स्वतःची लाज वाचवायला त्याने बहिणीची खोली घालवली. हे शब्द माझे नाहीत. मामानेच पुढे मला असं सांगितलं.

इकडे अक्का लेकीच्या हॉलमध्ये, कॉटवर. तात्पुरती. खोल्यांचे भाव भाड्यापेक्षा जोरात पळत होते, त्यामुळे चार-पाच वर्षांचं तात्पुरतं संपेचना. तरी येईल त्याला सांगायची, "भावाने घेऊन दिलंय दुकान. एकही महिना भाडं चुकलं नाही." झालं, नातेवाईक मामाकडे सल्ला विचारायला यायला लागले. मामा बिचारा जीव तोडून सांगायचा, सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा, घाई करू नका. पण ऐकणाऱ्यांचं सगळं लक्ष अक्काच्या पाकिटाकडे.

आणि मग एका रविवारी दुपारी अक्काची मुलगी आली. हिला घरात सगळे ठमी म्हणतात. आता चाळिशीची बाई आहे, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, तरी ठमीच. पिशवीतून तिने एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून टेबलावर ठेवली.

"मामा, मी पण घेतलं. दुसऱ्या मजल्यावर. आणि यात नुसती लिफ्ट नाही, सरकता जिना आहे."

"घेतलं म्हणजे?"

"टोकन दिलं. शुक्रवारी कर्जाच्या सह्या. मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडली, बाकीचा हप्ता माझ्या पगारातून. निम्मा पगार जाईल, पण भाडं येईल ना. आईसारखं." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "त्या भाड्यात आईला एक खोली घेऊन देते. किती वर्षं हॉलमध्ये काढणार ती?"

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लपवली आणि लंगडतानाही नाचून दाखवलं, तर मागच्याने शहाणं कसं व्हायचं? मामाने चहाचा कप खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. ती मामाकडे बघत होती.

"चप्पल घाल," मामा ठमीला म्हणाला. "तुला आईचं दुकान दाखवतो."

रविवार असल्याने इमारतीच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोघं लिफ्टमध्ये शिरली. "बटणं बघ," मामा म्हणाला. पहिल्या मजल्याचा आकडा घासून गेला होता, ते बटण मामानेच दोनदा बदललं होतं. तीनचं बटण एकोणीस वर्षांपूर्वीचं, आणि अजून नव्यासारखं चकचकीत. वर लिफ्टसमोर एक बाकडं होतं. "इथे बस तासभर. कितीजण उतरतात ते मोज."

तासाभरात लिफ्ट दोनदा आली. एकदा एक बाई डोकावून "पहिला मजला का हा?" म्हणाली आणि परत गेली. दुसऱ्यांदा रखवालदार आला, त्याला झाडू हवा होता. दोन्ही बाजूंना बंद शटरं. मामाने त्यातल्या एकाचं कुलूप खटपट करून उघडलं. आत धूळ, भिंतीला ओळीने प्लग आणि संगणक क्लासच्या वेळापत्रकाचा पिवळा पडलेला कागद.

ठमी हिशेबाला पक्की. तिने वेळापत्रकावरची तारीख वाचली. "मग आईला भाडं कोण देतं?"

"मी."

ती बाकड्यावर जाऊन बसली. मामा उभाच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने न लपवता सल्ला दिला.

"ऐक. जागा घ्यायच्या आधी तिथे जाऊन बसायचं. एकदा नाही, सकाळी, दुपारी, सुट्टीच्या दिवशी. दलालाला नाही विचारायचं, शेजारच्या दुकानदाराला विचारायचं, आणि तो विकून निघालाय का ते बघायचं. भाड्याची हमी कोणी देत असेल तर समज की भाडं येत नाही, येत असतं तर हमी कशाला दिली असती? हप्ता असा घे की भाडं एक वर्ष आलं नाही तरी चूल पेटेल. आणि तोटा झाला, तर पहिल्या वर्षीच बोंब मार. तोटा जुना झाला की त्याची लाज वाटायला लागते, मग माणूस त्याला पोसत बसतो. मी पोसला. आणि दुसऱ्याच्या पैशाला शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. तुझी आई बरोबर होती. मी चूक होतो."

"मुलांचा टीव्ही चालू असतो," ठमी म्हणाली. मामाला आधी कळेना ती कशाबद्दल बोलतेय. "दिवा मालवा असं आई म्हणत नाही. डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपते. एकोणीस वर्षं, मामा."

शुक्रवारी तिने सह्या केल्या नाहीत. टोकन बुडालं. मामा म्हणाला, ते मी भरून देतो. "तुमची पाकिटं पुरे झाली," ठमी म्हणाली, आणि फोन ठेवला. पण आईला काही सांगितलं नाही. ते मामाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मामा अक्काकडे गेला. दुपार होती, घरात कोणी नव्हतं. अक्का कॉटवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मामाने पहिल्या पाकिटापासून शिंप्यापर्यंत सगळं सांगितलं. त्याला वाटलं ती रागावेल. दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

अक्काने मुलांचे दोन सदरे घडी करून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "त्या खोलीत आता कोण राहतं?"

मामाला माहीत होतं. एकोणीस वर्षं तो त्या गल्लीतून वाट वाकडी करून जात होता. "एक शिक्षिका आहे. एकटीच."

"नळ आहे दाराशी?"

"आहे."

"आणि दार? दाराचा रंग उडाला होता तेव्हा."

"हिरवं केलंय."

"हिरवं," अक्का म्हणाली. "मी पांढरं करणार होते." आणि मांडीवरचा घडी घातलेला टॉवेल उलगडून तिने त्याची पुन्हा घडी घातली.