पेरण्याजोगी जमीन

मी सिंगापूरला निघालो, तेव्हा माझे वडील, आबा, मेंढरं घेऊनच फाट्यापर्यंत आले. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. चाऱ्यासाठी त्यांना सोयगावच्या डोंगराकडं जायचंच होतं. वाळूजच्या कारखान्यात मी वेल्डर होतो, तिकडं जहाजांच्या गोदीत काम मिळालं होतं. आबांनी पगार विचारला नाही. एसटी येताना दिसली, तेव्हा म्हणाले, "तिथं पेरायला जमीन किती हाय?"

मला ठाऊक नव्हतं. गेल्यावर कळलं, जवळजवळ नाहीच. सगळा देश म्हणजे एक शहर, भाजीसुद्धा बहुतेक बाहेरून येते. फोनवर सांगितलं तर आबांना खरं वाटेना. मग त्यांना माझीच कीव आली. पोरगं बिनमातीच्या मुलखात पडलं, असं ते ताईला म्हणाले.

पाच वर्षांनी मी डेन्मार्कला आलो, पवनचक्क्यांच्या कारखान्यात. हाही देश लहानच. पण विमानतळापासून मुक्कामापर्यंत दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं होती. निम्म्याहून जास्त देश कसतात हे लोक. आबांना हे लगेच सांगितलं. त्यांनी पाऊस विचारला, मातीचा रंग विचारला, मेंढरं आहेत का विचारलं. माझ्या कामाविषयी ते एवढ्या आवडीनं कधीच बोलले नव्हते.

तिकडं गावी वाळूज पसरत पसरत आमच्या बांधाला येऊन भिडलं होतं. विहीर आटलेली, चराईची गायरानं पत्र्याच्या कुंपणात गेलेली. प्लॉटिंगवाले घरी येऊ लागले. आबा त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. शेवटी मीच फोन करकरून मागं लागलो. चार एकरांत पिकतं काय, वय झालं, ताईकडं शहरात राहा, दवाखाना जवळ, नळाला पाणी. सगळं खरंच होतं. आबांनी वाद घातला नाही. मेंढरं विकली आणि नंतर जमिनीच्या कागदावर सही केली.

ताईच्या फ्लॅटमध्ये ते दोन वर्षं राहिले. बाल्कनीत उभे राहायचे, असं ताई सांगते. एकदा तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गावाकडं जाऊन आले आणि मला फोन केला.

"तुझ्या पैल्या देशावाणी झालंय रं आपलं. पेरायला जागाच नाय."

 मी जेवलात का विचारलं. त्यांनी व्हय म्हटलं.

ते गेले तेव्हा मला अंत्यविधीलाही पोचता आलं नाही. पुढच्या महिन्यात गावी गेलो, तेव्हा ताईनं मला जागा दाखवायला नेलं. रस्ता, गटार, कुणाची तरी बांधलेली कंपाउंड वॉल. आपलं शेत कुठून सुरू व्हायचं, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. ताई एका घराच्या पायरीवर बसून रडली. आतल्या बाईनं तिला पाणी आणून दिलं.

इथं डेन्मार्कात माझ्या खोलीशेजारी एका म्हाताऱ्याची जवाची शेती आहे. मुलगा शहरात, त्यामुळे त्याला बोलायला माणूस लागतं. परवा त्यानं विचारलं, तुझे वडील काय पिकवतात?

"बाजरी," मी म्हणालो. "थोडी तूरही घेतात. मेंढ्या आहेत."

त्यानं मान डोलावली, आणि यंदा तिकडं पाऊस कसा आहे, असं विचारलं. मी म्हणालो, बरा आहे.