बरणीला कान लावणारे भाऊजी

अख्ख्या छत्तीसगडात बिअर कानांनी पिणारा माणूस एकच आहे, आणि माझ्या वडिलांनी पत्रिका जुळवून, चार ठिकाणी चौकशी करून, माझी ताई नेमकी त्यालाच दिली. मुलगा रेल्वेत आहे, निर्व्यसनी आहे आणि गणपतीत वाजवतो, एवढं चौकशीत कळलं होतं. काय वाजवतो, हे विचारायचं राहून गेलं. भाऊजी ड्रम वाजवायचे. रेल्वे कॉलनीतल्या चार पोट्ट्यांचा त्यांचा रॉक बँड होता, आणि आरती होऊन प्रसाद वाटून संपेपर्यंत ते चौघे मांडवामागे कसाबसा दम धरून उभे असत. पुढे बाकीचे तिघे बदल्यांमध्ये पांगले, ताईच्या बाळंतपणात ड्रम माळ्यावर गेले, आणि निवृत्तीनंतर हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून भाऊजींनी रायपूरला शंकर नगरच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत, बिअर करायला घेतली. निर्व्यसनी ते अजूनही आहेत. स्वतः अर्ध्या पेल्यावर थांबतात आणि उरलेली मला पाजतात.

पावसाने जरा उघडीप दिली, हवेतला चिकटपणा कमी झाला, की त्यांचा हंगाम सुरू होतो. जव भिजवून मोड आणायचे, ताईच्या जुन्या सुती पातळावर वाळवायचे, भरडायचे, शिजवायचे आणि गाळलेलं पाणी काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत फसफसायला ठेवायचं. झाकणातून एक रबरी नळी निघते ती पाण्याच्या तांब्यात बुडवलेली असते. आतला वायू त्यातून बुडुक-बुडुक बाहेर पडतो. बुडबुडे थांबले की बिअर बाटल्यांत भरायची. घाई केली तर बाटल्या फुटतात. कोणीही शहाणा माणूस यासाठी तांब्यात डोकावेल. भाऊजी बरणीवर आणि तांब्यावर गोणपाट टाकतात, तरुणपणीची रॉकची कॅसेट लावतात, डोळे मिटतात आणि बरणीला कान लावतात. "बिअर पाहाची नसते, साळेबुवा, आयकाची असते," असं ते मला दरवर्षी नव्याने सांगतात. गाण्याच्या मध्यात गिटारवाला बाकीच्यांना गप्प करून एकटाच वाजवत सुटतो ना, तो अख्खा तुकडा एकाही बुडबुड्याशिवाय पार पडला, की बिअर तयार. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नसेल, पण अकरा वर्षांत त्यांची एक बाटली फुटली नव्हती.

खाण्याच्या बाबतीत तर ते त्याहून कडक. चिवडा पुढे केला तर बिअर काढून घेतात. जवाच्या बिअरबरोबर बेसनाची तळलेली ठेठरी, तांदूळ घातलेल्या बिअरबरोबर तिळाची फोडणी दिलेला, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा, यात फेरफार चालत नाही. एकदा अभनपूरच्या बाजारातून ताईने खिरीसाठी आणवलेला सुगंधी दुबराज तांदूळ त्यांनी बरणीत घातला. ती बिअर देवघरासारखी दरवळत होती आणि ताई चार दिवस बोलत नव्हती. ताई या सगळ्या प्रकाराला "तुमचं ते" म्हणते आणि अकरा वर्षांत तिने गच्चीवरच्या त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नव्हता. तिचा डोळा फक्त बरण्यांवर असे. "ज्या दिवशी मले बरणी आयकू येणार नाही ना, त्या दिवशी दोन्ही बरण्या तुले लोणच्याले देऊन टाकीन," भाऊजी म्हणायचे. "मी वाट पाहून राहिली," ताई म्हणायची.

यंदा कॅसेटचा आवाज जरा जास्तच मोठा होता. भाची म्हणाली, "मामा, पापा का म्यूझिक नवा रायपुर तक जा रहा है." मला वाटलं, उत्साह वाढलाय. आपण काहीही विचारलं तरी भाऊजी नुसतं "हव, हव" म्हणून हसायचे, तेही मी त्यांच्या आनंदी स्वभावातच जमा केलं.

गणपती बसले त्या दिवशी त्यांनी पहिली बरणी बाटल्यांत भरली. तीन दिवसांनी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्यांची भाजी, पुरणपोळी, कढी, आंबील असं पान वाढलेलं, आणि वर गच्चीवर धडाम झालं. मांजर देवघरात शिरलं. ताईच्या हातातली पळी खाली पडली. पाठोपाठ दुसरी बाटली फुटली, मग तिसरी. आम्ही सगळे छताकडे बघत होतो. भाऊजी शांतपणे आंबील ओरपत म्हणाले, "थोडी अजून वाढ, मस्त झाली."

कोणी हललं नाही. ताई आता छताकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी आमचे चेहरे पाहिले, वर पाहिलं, आणि त्यांना कळलं. हात धुऊन ते गच्चीवर गेले. संध्याकाळी त्यांनी रिकामी बरणी घासूनपुसून खाली आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. अकरा वर्षं त्या बरणीची वाट पाहणाऱ्या माझ्या बहिणीने तिला हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी गेलो, तर भाऊजी वरच्या खोलीत दुसऱ्या बरणीशेजारी बसलेले. कॅसेट बंद. "हे नेऊन सांडून दे," ते म्हणाले.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "अहो, गोणपाट काढा आणि तांब्यात पाहा ना. बुडबुडे दिसतात."

"त्याले बिअर करनं नाही म्हनत, साळेबुवा. चौकीदारी म्हनतात."

तेवढ्यात फऱ्याची ताटली घेऊन ताई आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि आत येऊन, पदर सावरत, चक्क बरणीला कान लावून बसली. "लावा तुमची कॅसेट," ती मोठ्याने म्हणाली. भाऊजींनी लावली. गिटारचा तुकडा सुरू झाला तशी तिने त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. बुडुक झालं की एक टिचकी. तुकडा संपेपर्यंत तीन टिचक्या झाल्या. भाऊजींनी डोळे उघडले. "अजून चार दिवस," ते म्हणाले.

आता त्यांनी कानाचं मशीन घेतलंय, पण त्यातून ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात म्हणून ते खिशातच असतं. ओट्यावरची बरणी ताईने स्वतः वर नेऊन ठेवली. त्या रविवारनंतर चार दिवसांनी मी ऑफिसातून थेट तिकडे गेलो. गिटारवाला सुटला, ताईचं बोट हवेत थांबलं, आणि तुकडा संपला तरी खाली आलं नाही. दोघंही डोळे मिटून बसली होती, आणि गाणं संपलं तरी कोणी उघडले नाहीत.

त्या बरणीतली बिअर जरा आंबट झाली होती. मी दुसरा पेला मागून घेतला.