निंबोळीचं तेल आणि वारूळवाडीचे गुरुजी

मी तेलात भेसळ केली नाही. हे आधी लिहिते, मग बाकीचं. नारायणगावच्या बाजारात ऐन गर्दीच्या वेळी एका शिकलेल्या माणसाने माझ्या बाटलीकडे बोट करून 'भेसळ' म्हटलं, आणि त्यानंतर लोक माझ्या मालाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तो शब्द त्याने जिथे उच्चारला तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर परत घ्यावा, एवढंच मला हवं होतं. माफी नको होती. माफीचं मी काय लोणचं घालणार होते?

आमचं घर कळंबचं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, स्वभावाने गरीब गाय. त्यामुळे घरात बोलायचं आणि बाहेर भांडायचं, दोन्ही खाती माझ्याकडे. नव्वदच्या दशकात एका वर्षी परसातल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. फांदीला कापूस चिकटवल्यासारखा दिसायचा. औषधाच्या दुकानदाराने एक डबा दिला. तो मारल्यावर दोन दिवस घरात वास राहिला, आणि जास्वंदीखाली लावलेली कोथिंबीर मला उपटून उकिरड्यावर टाकावी लागली. उरलेला डबा मी त्याच्या टेबलावर आपटला आणि पैसे परत घेऊनच उठले. फोडलेला डबा परत घेणारा तालुक्यातला तो पहिलाच दुकानदार असावा.

आमच्यात बैलाला गोचीड झाले की करंजाचं नाही तर निंबोळीचं तेल चोळतात. गोचीड मरतो तर ढेकूण का मरणार नाही, एवढाच माझा अभ्यास. आषाढात निंबोळ्या पिकून पडतात, आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबांना मालक नसतो. मी पोती भरून आणल्या, गर धुतला, बिया सावलीत वाळवल्या. मंचरचा घाणेवाला म्हणाला, तुझ्या कडू तेलाचा वास माझ्या शेंगदाण्याच्या तेलाला लागेल, मी काढणार नाही. मी म्हटलं, आठवड्यातून एक दिवस घाणा बंद करायच्या आधी माझा माल काढ, नंतर घाणा मी स्वतः घासून देते. अर्ध्या तासाच्या वादानंतर तो तयार झाला. पहिला घाणा मी राखेने आणि गरम पाण्याने असा घासला की दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतः निरोप पाठवला.

बाटल्या भंगारवाल्याकडून घ्यायचे, दारूच्या रिकाम्या क्वार्टर. बाजारात पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, "वहिनी, दादांनी रिकाम्या केल्या वाटतं." मी म्हटलं, "न्हाई, तुमच्या वडलांनी. अजून पोतंभर हायेत." तेव्हापासून बाटल्यांवर कुणी बोललं नाही.

तेल पाण्यात मिसळत नाही, ही या धंद्यातली एकच अडचण. नुसतं तेल पाण्यात टाकलं तर ते वर तरंगतं. मग फवारणीच्या पंपातून आधी नुसतं पाणी निघतं आणि शेवटी नुसतं तेल, आणि उन्हात नुसतं तेल पानावर बसलं की पान भाजतं. त्यासाठी मी रिठे उकळून त्याचं तपकिरी पाणी करायचे आणि तेलाच्या प्रत्येक बाटलीबरोबर एक छोटी बाटली त्या पाण्याची द्यायचे. पंपाला चहाचा एक कप तेल, त्यात हे फेसाचं पाणी, आधी थोड्या पाण्यात घुसळायचं, दुधासारखं झालं की मग बाकीचं पाणी. बस.

लेण्याद्रीच्या पायथ्याला हार विकणाऱ्या बायका माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गिरिजात्मजाला लाल जास्वंद लागते, ती त्या घरामागेच लावायच्या. फूल देवाला जाणार, हारातून माणसांच्या हाताला लागणार, त्यावर विषारी औषध मारायला त्यांचं मन घेत नव्हतं. आणि दुसरं गिऱ्हाईक वारूळवाडीचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. घरामागे वांगी, टोमॅटो, लिंबं आणि गुलाबाच्या ओळी. अर्ध्या तालुक्याने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, म्हणून अर्धा तालुका त्यांचं ऐकायचा. त्यांनी तीन वर्षं माझं तेल वापरलं, आणि येईल त्याला बाग दाखवून सांगितलं. त्याचा मला फायदा झाला, हे मी नाकारत नाही.

आता रिठ्याचं. रिठे आणायची डिंभ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली एक बाई. भातशेती करणारी, वयाने माझ्याएवढीच. मार्गशीर्षात पोतं डोक्यावर घेऊन ती मंचरच्या स्टँडवर उतरायची. ती आपल्या मापाने मोजायची, आणि आमचा भाव ठरलेला होता तो सपाट मापाचा. चौथ्या वर्षी मी शीग मागितली. म्हणजे माप भरल्यावर वर जेवढं रचता येईल तेवढं. ती हाताने शीग उतरवायची, मी दोन्ही पंज्यांनी परत चढवायचे. असं तीनदा झालं. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

"ठरलं तवा सपाट व्हतं ना, बाय?" ती म्हणाली.

"ठरलं तवा तुझं रिठं मोठं व्हतं," मी म्हटलं.

तिने माप पोत्यात उलटं केलं, पोतं उचललं आणि चालायला लागली. मला वाटलं, वळेल. कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस वळतो, हा माझा अनुभव. ती वळली नाही.

दुसरीकडे रिठे महाग होते. मी साबण घेतला, धुण्याचा, किसून पाण्यात विरघळवला. आमच्याकडे घोड नदीचं पाणी, त्यात त्याने तेल झकास मिसळलं, अगदी दुधासारखं. पानांवरचा मावाही मेला. मी म्हटलं, झालं काम. पण साबणाचं पाणी पांढरट दिसतं आणि गिऱ्हाइकाला तपकिरी पाण्याची सवय. त्यांनी चार प्रश्न विचारू नयेत म्हणून मी त्यात चहाचं काळं पाणी घातलं. तेल पहिल्यासारखंच होतं. त्यात एक थेंबही दुसरा नव्हता. हे मी आजही घाण्यावर हात ठेवून सांगेन.

गुरुजींनी त्या वर्षी नेहमीप्रमाणे दोन जोड्या नेल्या. पुढच्या बाजाराला ते पिशवीत गुलाबाच्या भाजलेल्या फांद्या घेऊन आले. मी बाटल्या मांडत होते. त्यांनी फांद्या माझ्या पथारीवर ठेवल्या आणि वर्गात बोलावं तसं, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही भेसळ आहे. कुणी घेऊ नका."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या पेन्शनपासून त्यांच्या छडीपर्यंत सगळं काढलं. ते शांतपणे ऐकून निघून गेले. त्यामुळे खरा कोण हे लोकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आरडाओरडा करणारा खोटा, असा आपल्याकडे कायदाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वारूळवाडीला गेले. बरोबर नव्या बाटल्यांची जोडी नेली. वाटेत गुरुजींच्या शेजारपाजारच्या चार माणसांना साक्षीला बोलावलं. गुरुजींनी आधी बाग दाखवली. फवारणी जिथून सुरू केली त्या बांधाजवळच्या वांग्यांवर मावा जिवंत होता, जणू त्यावर काही मारलंच नव्हतं. आणि पंप जिथे संपला होता तिथले शेवटचे आठ-दहा गुलाब तव्यावर टाकल्यासारखे काळे पडलेले. ते बघतानाच मला साबणाची शंका आली होती. पण साक्षीदार आले होते, आणि मी आल्या पावली परत जाणारी बाई नव्हे.

"बादली आणा," मी म्हटलं. "तुमच्याच घरची. पाणीबी तुमचंच."

त्यांनी बोअर चालू करून बादली भरली. मी छोटी बाटली ओतली, तेल ओतलं, काठीने घुसळायला लागले. फेस आला नाही. घुसळावं तसं पाण्यावर नासक्या दुधासारखा पांढरा चोथा जमायला लागला आणि तेल पिवळं होऊन त्याच्याभोवती तरंगत राहिलं. मी जोर लावला. काठी मोडली. चोथा तसाच.

बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात साबण फाटतो हे नदीचं पाणी वापरणाऱ्या कळंबच्या बाईला माहीत असायचं कारण नाही, पण ते बादलीत डोळ्यांनी दिसत होतं. रिठा तसा फाटत नाही. तीन वर्षं गुरुजींची बाग जळली नव्हती ती रिठ्यामुळे, आणि आता जळली ती माझ्या साबणामुळे. मला हे तिथेच, काठीचा तुकडा हातात असतानाच कळलं.

"पानी जड हाय तुमचं," मी म्हटलं.

"पाणी पंधरा वर्षं हेच आहे," गुरुजी म्हणाले. "तुमचं तेल तीन वर्षं याच पाण्यातून मारलं. मग या खेपेला काय बदललं, बाई?"

"मला काय इचारता? बोअरला इचारा."

साक्षीदारांपैकी एकजण हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही काय बदललं ते मला आत्ता इथे सांगा. मी बाजारात जाऊन माझा शब्द परत घेतो." सौदा सरळ होता. असा सौदा मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून आला असता तर जागेवर घेतला असता. पण चार माणसांसमोर, मोडकी काठी हातात घेऊन, ह्या माणसापुढे मी वर्गातल्या पोरीसारखी कबुली देणार नव्हते. मी म्हटलं, आधी तुम्ही शब्द परत घ्या, मग सांगते. ते म्हणाले, आधी तुम्ही. मी बाटल्या उचलून निघाले.

मग लेण्याद्रीच्या बायकांनी माझं तेल घेणं बंद केलं. त्यांच्या जास्वंदीचं एक पानसुद्धा जळलं नव्हतं. मी तिथे जाऊन भांडले. त्यातली एक, माझं तेल सगळ्यात जास्त नेणारी, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "ताई, आमी कुटं म्हनतो तुमी खोट्या? पन गुरुजी कशापायी खोटं बोलतील? आन फूल देवाचं हाय." त्या वर्षी घाण्यावर माझा दिवस दुसऱ्याने घेतला.

शेवटी मी डिंभ्याकडची एसटी धरली आणि पुढे चढण चढून डोंगरातल्या त्या बाईच्या दारात गेले. ती नाचणी पाखडत होती. तिने बसायला दिलं, कोरा चहा दिला, आणि मी रिठ्याचं काढल्यावर गालात हसली. "मला वाटलं व्हतं, तू शीग न्यायला येशील." मी पोतं पुढे केलं. तिने भाव सांगितला, तो आधीपेक्षा बराच वर. माप भरलं आणि माझ्याकडे बघत बघत, सावकाश, तळहाताने सपाट केलं. एकही रिठा वर राहू दिला नाही. मी पोतं बांधलं. वाटभर स्वतःशी शिव्या घालत उतरले, निम्म्या तिला आणि निम्म्या मला.

रिठ्याचं पाणी केलं. वारूळवाडीतूनच बोअरच्या पाण्याचे दोन कॅन मागवले आणि नारायणगावच्या बाजारात पथारीवर बादली मांडली. तेल, रिठ्याचं पाणी, नवी काठी. दोन मिनिटांत पाणी दुधासारखं झालं. माणसं जमली. मीच एकाला सांगून गुरुजींना बोलावणं धाडलं होतं. ते आले, बादलीत वाकून बघितलं, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं.

"आता बोला," मी म्हटलं. "सगळ्यांच्या म्होरं बोला."

"बोलतो. मागच्या खेपेला यात रिठा होता का?"

"तेल चोख व्हतं."

"तेलाचं नाही विचारत. छोट्या बाटलीत रिठा होता का?"

मी बादलीकडे बघितलं. "न्हवता," मी म्हटलं. "साबन व्हता."

"आणि तो तपकिरी कसा होता?"

"च्याचं पानी घातलं व्हतं."

गुरुजींनी मान हलवली. मग गर्दीकडे वळून, त्याच वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मी भेसळ म्हटलं होतं. तो शब्द परत घेतो. तेल चोख आहे. बाई चोख नाही."

लोक मनापासून हसले. मीही कदाचित हसले असते, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर. मग बाटल्या पटापट गेल्या. रिठ्याचं पाणी संपलं तरी लोक नुसतं तेल मागत होते, रिठे आम्ही घरी उकळू म्हणत होते. पुढच्या महिन्यात लेण्याद्रीच्या बायकाही परत आल्या, आणि घाण्यावरचा माझा दिवस मी भांडून परत मिळवला.

मागितलं ते मिळालं होतं. त्याच जागी, त्याच लोकांसमोर, मोठ्या आवाजात. आज गुरुजी नाहीत. त्यांची बाग त्यांची सून बघते, आणि तेल माझ्याकडूनच नेते. 'बाई चोख नाही' या त्यांच्या शेवटच्या वाक्यावर त्यांच्याशी भांडायचं मी किती वेळा ठरवलं. एसटीत बसून, घाणा घासताना, निंबोळ्या निवडताना मुद्दे जुळवले. अडाणी बाईला भर बाजारात असं बोलतात का, हा एक मुद्दा. एकदा चुकलेल्याला कायमचा बिल्ला लावतात का, हा दुसरा. एकही टिकला नाही. आयुष्यात मी सगळ्यांशी भांडले आणि बहुतेक ठिकाणी जिंकले. ह्या एका माणसाशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.