सव्वा महिना अळणी

माझ्या धाकट्या भावाचं परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी वाटोळं झालं, असं ताडकळसमध्ये अजूनही सांगतात. पालम रस्त्यावरच्या गावांतही सांगतात. ही गोष्ट मीच पसरवली. मी एसटीत कंडक्टर होतो. परभणी-पालम गाडी वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. कुणी घरातल्या माणसाला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघालेलं दिसलं, की तिकीट फाडता फाडता मी त्याला भावाचं उदाहरण द्यायचो. काही जण पुढच्या थांब्यावर उतरून परत गेले असतील. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

ती गोष्ट खोटी होती. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. हे वाचून ज्यांना राग यायचा आहे, त्यांना खुशाल येऊ द्या.

भाऊ गवंडी होता. ओळंबा न लावता, एक डोळा मिटून, भिंत किती कलली ते सांगायचा. लग्नानंतर तीनेक वर्षांनी एका उन्हाळ्यात त्याच्या अंगात वेगळाच जोर आला. दोन-अडीच तास झोपायचा आणि ताजातवाना उठायचा. एकाच वेळी तीन घरांची कामं घेतली. देवळाला सभामंडप फुकट बांधून देतो म्हणाला. आमच्या घराभोवतीची भिंत इतकी उंच नेली की शेजारी विचारायला लागले, तुरुंग बांधायलाव का. त्याचं बोलणं एवढं भरभर चाले की समोरच्याला हुंकार द्यायलाही जागा मिळत नसे. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. तीन माणसांचं काम एकटा करतो, असं मीच मिरवत होतो.

दिवाळीनंतर तो बसला. भिंतीकडे तोंड करून बसला तो दोन महिने उठला नाही. अंघोळ कर म्हटलं तर डोळ्यांत पाणी यायचं. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी आळस म्हणालं. शेवटी त्याच्या बायकोनं हट्ट धरला आणि मी त्याला माझ्याच गाडीतून परभणीला नेलं.

मी डॉक्टरांना त्याचं फक्त बसून राहणं सांगितलं. त्यांनी खोदून विचारलं की याआधी कधी झोप कमी आणि उत्साह जास्त असं झालं होतं का. मी म्हणालो, ते तर चांगले दिवस होते. डॉक्टर म्हणाले, तेही आजाराचेच दिवस होते. मन एकदा गरजेपेक्षा वर चढतं, मग गरजेपेक्षा खाली पडतं. हा एकच आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्यांनी लिथियम लिहून दिलं. पाणी भरपूर प्यायचं, रक्त वेळोवेळी तपासायचं आणि जेवणातलं मीठ कमी करायचं नाही, असं बजावलं. शरीरात मीठ कमी पडलं की हे औषध बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं आणि त्याचंच विष होतं. भाऊ तेव्हा मान खाली घालून बसला होता, त्याची बायको बाहेर लेकीला घेऊन उभी होती. हे शब्द नीट ऐकणारा मी एकटा होतो.

औषध लागू पडलं. दीड-दोन महिन्यांत भाऊ परांचीवर चढला. आठ महिने त्यानं कामाला एक खाडा केला नाही. वर गेला नाही, खाली पडला नाही. मुलीला खांद्यावर घेऊन आठवडी बाजारात यायचा.

पण तो पडून होता तेव्हा मी देवीपुढे बोललो होतो, की भाऊ कामावर गेला तर सव्वा महिना अळणी धरील. बोललो मी आणि धरायचं त्यानं. आमच्याकडे नवस असाच बोलतात. त्यामुळे तो बरा झाला हे देवीच्या नावावर गेलं आणि आश्विनात मी त्याला नवस फेडायला लावला. गोळी चालू होती, मीठ बंद झालं. तो दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात विटा रचायचा आणि घामानं होतं तेही मीठ निघून जायचं. पहिल्याच दिवशी ताटावर बसताना त्यानं मला विचारलं होतं.

"दादा, डॉक्टर मिठाचं काय तरी म्हणले होते ना?"

"ते बीपीवाल्यांचं असतंय," मी म्हणालो. "तू जेव."

माझं बोलणं त्यानं कधी मोडलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याचा हात थरथरायला लागला. थापी धरवेना. मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले, जीभ जड झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या. लोक म्हणाले, पिऊन आलाय. त्यानं आयुष्यात दारू चाखली नव्हती. परभणीला नेलं तेव्हा त्याला स्वतःचं गाव आठवत नव्हतं. रक्तात औषध नको तितकं वाढलेलं निघालं. सलाईन लावलं. चौथ्या दिवशी त्यानं मला ओळखलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "मीठ बंद केलं होतं का?"

भावजय शेजारी उभी होती. हो म्हणालो असतो, तर मला सगळं माहीत होतं, हे तिला तिथंच कळलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "जेवण रोजचंच."

डॉक्टरांपुढे मोठ्या दिराला खोटं पाडणं भावजयीच्या रीतीत बसत नव्हतं. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. नेहमीचं जेवण आणि तीच मात्रा असूनही इतकं विष होत असेल, तर हे औषध या माणसाला सोसत नाही, असं त्यांनी ठरवलं. माझ्या उत्तरावर दुसरं काय ठरवणार? त्यांनी दुसरं औषध दिलं. त्यानं भावाला इतकी गुंगी यायची की परांचीवर चढवेना. तीन महिन्यांत तेही सुटलं. परत जाऊ असं मी म्हणालो नाही, कारण मला त्या डॉक्टरांचं तोंड चुकवायचं होतं. आणि आपण नवस फेडायला लावला हे सांगण्यापेक्षा गोळ्या वाईट होत्या हे सांगणं फार सोपं होतं.

त्यानंतर भाऊ तीस वर्षं जगला. कधी गावभर फिरून न मागता भिंती बांधून द्यायचा, नाहीतर महिनेच्या महिने मागच्या खोलीत बसायचा. भावजय रोजानं कामाला गेली. आठ वर्षांपूर्वी तो न्यूमोनियानं गेला. शेवटपर्यंत त्यानं मला मिठाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं.

आता त्याच्या नातीविषयी. ती परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते. तिला विचारून लिहितोय. म्हणाली, "लिवा आबा, फक्त मला बिचारी म्हणू नका." गेल्या वर्षी तिलाही तसंच झालं. आधी चार रात्री न झोपता सगळ्या वर्गाच्या वह्या लिहून दिल्या आणि मग अंथरूण सोडेना. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या पुतणीनं, तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला.

"मोठे काका, बाबाचीच गोळी द्यायची म्हणतेत. मी न्हाई देणार. उद्या परत दाखवायला बोलावलंय. तुमी या अन् डॉक्टरांना सांगा बाबाचं काय झालं ते."

माझा मुलगा मला जाऊ नका म्हणाला. त्या पोरीचं लग्न व्हायचंय, घराण्यात असं हाय म्हणून बोभाटा होईल, शिवाय मेलेल्या माणसाचं आता कशाला उकरून काढायलाव. मी त्याला म्हणालो, भाऊ मेला, पण माझं खोटं अजून जिवंत आहे आणि ते आता पोरीच्या मानेवर बसलंय. सकाळच्या गाडीनं मी निघालो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. पुतणीनं त्यांना सांगितलं, ह्या गोळ्यांनी माझ्या वडिलांना विष झालं, काकांना विचारा. बाई माझ्याकडे वळल्या.

"मीठ बंद होतं," मी म्हणालो. "सव्वा महिन्याचं अळणी मी धरायला लावलं होतं. धरू नये हे मला माहीत होतं. नंतर विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

बाईंनी विचारलं, त्याआधी गोळीनं फरक होता का? मी म्हणालो, आठ महिने, एक खाडा नाही. त्यांनी ते लिहिलं. हे फार कामाचं आहे, म्हणाल्या. घरात एकाला हे औषध लागू पडलं असेल तर दुसऱ्यालाही पडण्याची शक्यता जास्त असते. खात्री देता येत नाही, पण आधी रक्त तपासू, किडनी आणि थायरॉईड पाहू, आणि मग सुरू करू.

बाहेर व्हरांड्यात पुतणीनं मला गाठलं.

"तीस वर्षं मी बाबाला भिंतीकडं तोंड करून बसलेलं बघितलं. तुमाला माहीत होतं?"

"होतं."

पोरगी मध्येच म्हणाली, "आई, आधी रक्त द्यायचंय. मग भांड."

औषध सुरू झालं. पोरीचा हात जरा कापतो, तहान लागते, वजन वाढलं म्हणून कुरकुर करते. पण ती कॉलेजला जाते आणि झोपते. पुतणी माझ्याशी बोलत नाही. तो तिचा हक्क आहे. तरी गेल्या महिन्यात तिनंच फोन केला आणि एवढंच सांगितलं, की सासूबाईंनी नवस बोललेला हाय, पोरगी कॉलेजला गेली तर सव्वा महिना अळणी, आणि त्या ऐकायला तयार न्हाईत.

मी परत परभणीला, पुतणीच्या सासरी गेलो. विहीणबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. गोळी आणि मीठ यांचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळं पटलं भाऊ. पण देवाला बोललंय. न्हाई फेडलं तर कोपंल."

"पोरीच्या वाटचं मी धरतो," मी म्हणालो. "माझा बीपीचा डॉक्टर तसाही पंधरा वर्षं मीठ कमी करा म्हणायलाय. देव अन् डॉक्टर एकदमच खूश होतील."

"बोलले पोरीसाठी अन् फेडणार म्हातारा? असं कुठं असतंय?"

"त्या टायमाला बोललो मी होतो अन् फेडलं भावानं. तसंच हे."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "धरा बरं."

डॉक्टरांना विचारून धरलं. आज अकरावा दिवस. अळणी भाकरी घशाखाली उतरत नाही. भावानं कशी उतरवली असेल आणि वर उन्हात विटा कशा वाहिल्या असतील, ते रोज दोन वेळा कळतं.

सकाळी मी ताडकळसच्या स्टँडवर जाऊन बसतो. कोण कुठे निघालंय हे चेहऱ्यावरून ओळखायची जुनी सवय अजून आहे. काल एक बाई नवऱ्याला घेऊन परभणीच्या गाडीत बसली. नवरा खिडकीबाहेर बघत होता पण त्याला काही दिसत नव्हतं. ते बसणं मी ओळखतो. गाडीत चढून तिला विचारलं, दवाखान्यात का? ती म्हणाली, "हो, पण भ्या वाटायलंय. हितल्याच एका गवंड्याला त्या गोळ्यांनी वाया घालवलं म्हणतेत."

"तो माझा भाऊ होता," मी म्हणालो.

कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरलो नाही. तिच्या पुढच्या बाकावर मागे तोंड करून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.